ट्रॉली रस्त्यावर अडवण्याआधी ती विकली जाते आणि भरली जाते तिथे तपासा : नाशिक जिल्ह्यातून एक खुलं पत्र

प्रति,
परिवहन खात्याचे नाशिक जिल्ह्यातले अधिकारी, बाजार समित्यांचे सभापती व संचालक, साखर कारखान्यांचे शेतकी अधिकारी आणि ट्रॉली बनवून विकणारे कारखानदार यांस,

स. न. वि. वि.

हंगाम सुरू झाला की लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे, कळवणकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते आणि पाठोपाठ तपासणीही सुरू होते. नंबर नाही, रेडियम नाही, माल जास्त भरलाय, म्हणून पावती फाटते. पावती चुकीची असते असं आमचं म्हणणं नाही. कायदा तसाच आहे आणि त्यामागचं कारणही खरं आहे. पण जिला ब्रेकच बसवलेला नाही आणि किती वजन घालायचं हे जिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही, अशी ट्रॉली भर दिवसा रस्त्याकडेच्या शेडमध्ये बनते, विकली जाते आणि तिथे कुणी तपासायला जात नाही. तीच ट्रॉली माल भरून रस्त्यावर आली की सगळा दोष चालकाचा. हे आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, पण सगळ्यांनी वाचावं असं.

आम्ही ट्रॅक्टरमालक, चालक आणि ट्रॉलीच्या दुरुस्तीवर पोट असलेली माणसं आहोत. ट्रॉली उलटली तर मडगार्डवर बसलेला पोरगा आमच्यातला असतो, अंधारात मागून धडकणारा मोटारसायकलवालाही आमच्याच गावचा असतो. विमा कंपनीने दावा नाकारला तर भरपाईसाठी विकावी लागणारी जमीनही आमचीच.

आधी कायदा काय म्हणतो ते, कारण 'ट्रॉलीला इंजिन कुठंय, तिला कसला नंबर' ही समजूत अजून घट्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातच ट्रेलर येतो. म्हणजे ट्रॉलीला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो आणि विमाही लागतो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आणि तिचा हप्ता नसेल, तर ट्रॉलीमुळे झालेल्या अपघाताचा दावा तिथेच अडकतो. कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचा नंबर तिच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीच्या मागे हवा. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे.

लायसनचा घोळ मात्र आता उरलेला नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टरचं वैध लायसन आहे तो मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितलं. साडेसात टनांच्या आतलं व्यावसायिक वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलं. तरीही नाक्यावर 'ट्रॉलीचं वेगळं लायसन दाखव' म्हणून कुणाला थांबवलं जात असेल, तर ते थांबायला हवं.

दंडाचं कलम १९४ आहे. जास्त वजनाला वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. माल बाजूला, मागे किंवा वर ठरलेल्या मापाबाहेर गेला तरी वीस हजार. आता याच कलमातले शब्द नीट वाचा. वाहन चालवणारा एवढंच तिथे लिहिलेलं नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात आहे. कलम १८२-अ आणखी मागे जातं. नियमांत न बसणारं वाहन बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद, किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे साखळीतल्या प्रत्येकाची जबाबदारी कायद्याने सांगितली आहे. अंमलबजावणी मात्र शेवटच्या कडीपाशीच होते.

आता आमची गाऱ्हाणी.

पहिलं आणि सगळ्यात मोठं, वजनाचं. ट्रॉली घ्यायला गेलेला माणूस काय विचारतो? दहा बाय सहा आहे का, पत्रा किती एमएमचा, चॅनल किती इंची, टायर नवे की रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले. ट्रॉलीची ताकद किती, याचं उत्तर तोंडी मिळतं, 'पाच टनी आहे, बिनधास्त भरा.' हे पाच टन कुणी मोजले? ट्रॉलीवर पाटी नाही, रिकाम्या वजनाचा आकडा नाही, एक्सल कोणत्या मापाचा ते लिहिलेलं नाही. शेतीच्या ट्रेलरसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ८२१३ हे मानक आहे, पण ट्रॉली घेणाऱ्या शंभरातल्या एकाला तरी त्याचं नाव कुणी सांगितलंय का?

याचा परिणाम समजून घ्यायचा तर एकच ट्रॉली डोळ्यांपुढे घ्या, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, फाळके म्हणजे बाजूच्या फळ्या दोन फूट उंच. एकशेवीस घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासला थोडी कमी (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तिच्यात सुटा कांदा काठोकाठ भरला तर साधारण दोन टन भरतो. फाळक्यावर फाळका चढवून चार फूट केला की चार टन. त्याच दोन फुटी ट्रॉलीत ओली वाळू किंवा मुरूम सपाट भरला की साडेपाच टनांच्या आसपास जातो, कारण एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या घरात भरते. कांदा भरणाऱ्याला ट्रॉली भरलेली दिसते तेव्हा ती हलकी असते. मुरूम भरणाऱ्याला ती अर्धी रिकामी दिसते तेव्हाच तिचा भार संपलेला असतो. डोळ्यांनी हे कळत नाही, पाटीवर आकडा लिहिलेला असला तरच कळतं.

टायरचंही तेच. टायरच्या बाजूवर लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा, छापलेला असतो. १२० असेल तर ठरलेल्या हवेत त्या एका टायरने १,४०० किलो पेलायचं. दोनचाकी ट्रॉलीला असे दोन टायर म्हणजे २,८०० किलो. त्यातून ट्रॉलीचं स्वतःचं वजन वजा करा, जे बहुतेक वेळा टनाच्या वर असतं. मालाला उरले जेमतेम सतराशे-अठराशे किलो. पण ट्रॉली 'पाच टनी' म्हणून विकली गेलेली असते, आणि टायर ट्रकचे उतरवलेले, रिमोल्ड केलेले असतात, ज्यांवरचा आकडा घासून गेलेला असतो. उन्हात टायर फुटतो तो दगडाने कमी आणि कमी हवा व जादा वजन यांनी जास्त.

दोनचाकी ट्रॉलीत एक्सल कुठे बसवलाय, हे वजनाइतकंच महत्त्वाचं आहे. भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टोचनवर, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जिथे जोडतात त्या जोडावर, यायला हवा. एक्सल फार पुढे घेतला किंवा माल मागे रचला, तर ट्रॉलीचं तोंड वर उचलतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि खड्ड्यात ट्रॉली डुलायला लागते. एक्सल फार मागे असला तर टोचनवर इतका भार येतो की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. शेडमध्ये एक्सलची जागा अंदाजाने, मागच्या ट्रॉलीचं माप घेऊन ठरते. ही गोष्ट विकत घेणाऱ्याला रिकाम्या ट्रॉलीत दिसूच शकत नाही. म्हणून ती पासिंगच्या वेळी अधिकाऱ्यानेच बघायला हवी.

दुसरं गाऱ्हाणं ब्रेकचं. पंचेचाळीस-पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास आणि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. मागे भरलेली ट्रॉली सहा टनांची, तिला एकही ब्रेक नाही. म्हणजे दोन टन थांबवायला बनवलेल्या ब्रेकने आठ टन थांबवायचे. ब्रेकचा जोर तेवढाच आणि वजन चौपट, तर थांबायला लागणारं अंतरही साधारण चौपट. बिनब्रेकच्या ट्रॉलीचं भरलेलं वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीवर जाऊ नये आणि वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपासच ठेवावा, हा अभियंत्यांचा मान्य ठोकताळा आहे. त्या हिशोबाने दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉली आणि माल मिळून तीनच टन. आमच्या रस्त्यांवर या हिशोबात बसणारी भरलेली ट्रॉली क्वचितच दिसेल.

राहूड घाटात किंवा पेठ रस्त्याच्या सावळघाटात उतारावर हेच वजन ट्रॅक्टरला मागून ढकलतं. वळणावर दाबला ब्रेक की ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. त्यात ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडलं जोडणारी पट्टी शेतातून निघताना लावलेली नसेल, तर एकाच बाजूचा ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. चालकांनाही आमचं हेच सांगणं आहे, की पट्टी लावल्याशिवाय डांबरावर चढू नका, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. पण हे सगळं पाळूनही बिनब्रेकची सहा टनी ट्रॉली सुरक्षित होत नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारा ब्रेक बसवता येतो. टोचन मागे दाबलं गेलं की आपोआप लागणारा ओव्हररन ब्रेकही बसवता येतो, त्याला ट्रॅक्टरमध्ये काही बदल लागत नाही. कारखानदारांनो, हे तुम्हाला बनवता येत नाही असं नाही. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून तुम्ही देत नाही, आणि गिऱ्हाईकाला कुणी सांगितलंच नाही म्हणून ते मागत नाही.

तिसरं, टोचनचं. किती ट्रॉल्या नीट पिन सोडून साध्या बोल्टवर किंवा सळईच्या तुकड्यावर चालतात, हे कुठल्याही बाजार समितीच्या आवारात तासभर उभं राहिलं तरी दिसेल. पिन कडक पोलादाची हवी आणि तिच्या खालच्या टोकाला स्प्रिंगची लॉक पिन हवी, नाहीतर खड्ड्यांनी ती वर उडी मारून निघते. पिन जिच्यातून जाते त्या कडीचं भोक घासून लांबट झालं की प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक उचलीला हातोडा बसतो आणि एक दिवस वेल्डिंग सुटतं. अशी कडी पुन्हा भरून वेल्ड करू नये, बदलावी. पिन तुटली तरी ट्रॉली सुटून समोरच्यावर जाऊ नये म्हणून टोचनच्या खालून आडव्या-तिडव्या घेतलेल्या दोन साखळ्या हव्यात. नव्या ट्रॉलीवर त्या दिल्या जात नाहीत. आणि ट्रॉली कधीही नांगराच्या लिंकेजला किंवा वरच्या टॉप लिंकच्या जागी जोडू नये. ओढ जितकी उंचावर, तितका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका जास्त.

दिव्यांचं थोडक्यात. पुढे पांढरं, बाजूला पिवळं आणि मागे लाल रेडियम, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बाजार समितीत माल उतरवताना फाळका खाली पडला की त्यावरचं रेडियम घासून जातं आणि तेच पुन्हा लावलं जात नाही. म्हणून ते फाळक्यावर न लावता मागच्या चौकटीवर लावावं. टेललाइट लावतात, पण अर्थिंगची वेगळी वायर ओढत नाहीत. टोचनच्या लोखंडातूनच अर्थिंग घेतात, तिथे ग्रीस आणि गंज, मग इंडिकेटर दिला की टेललाइट मंद होतो आणि मागच्याला काहीच कळत नाही. सात पिनचं सॉकेट आणि एक जादा वायर, एवढंच काम आहे.

चौथं गाऱ्हाणं बाजार समित्यांशी आणि साखर कारखान्यांशी आहे. तुमच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉली आधी भरलेली आणि नंतर रिकामी मोजली जाते. म्हणजे कोणती ट्रॉली किती वजन घेऊन आली, हे जिल्ह्यात नेमकं कुणाला माहीत असेल तर ते तुम्हाला. काटापट्टीवर तो आकडा रोज छापला जातो आणि फाइलीत जातो. परिवहन खात्याला मात्र कलम ११४ खाली गाडी अडवून पुढच्या रस्त्यावर दहा किलोमीटरच्या आत काटा शोधावा लागतो, तिथे माल उतरवायला लावावा लागतो. टोमॅटो, द्राक्ष किंवा ओला कांदा भर उन्हात रस्त्याकडेला उतरवणं म्हणजे दंडापेक्षा मोठी शिक्षा आहे. वजन वाढल्याचं भरतानाच सांगितलं तर कुणाचंच नुकसान होत नाही.

उसाचं तर आणखी वेगळं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींत मिळून पंधरा टनांच्या वर ऊस, बाजूने वाढे लोंबतायत, मागचा दिवा उसाखाली झाकलेला. मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीच्या रेषेत चालत नाही, वळणावर ती आतल्या बाजूला ओढली जाते आणि शेजारून जाणारी मोटारसायकल तिथेच सापडते. वाहतुकीचा करार कारखान्याचा, खेपांचा हिशोब कारखान्याचा, काटाही कारखान्याचा. तरी वजनाच्या दंडाची पावती ट्रॅक्टरवाल्याच्या नावे. 'चालवायला लावणारा' हे शब्द कायद्यात कशासाठी आहेत?

पाचवं, शेती आणि भाडं यांतली सीमा. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने आपला माल बाजारात नेणं वेगळं आणि विटा, वाळू, खडी भाड्याने वाहणं वेगळं. दुसरं व्यावसायिक काम आहे, त्याची नोंदणी, कर आणि विमा वेगळा. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे मुरूम-खडीला मागणी आहे आणि हंगाम संपला की ट्रॅक्टर तिकडे वळतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा विचारते, ट्रॉलीत काय होतं आणि कुणाचं होतं. तेव्हा शेतकऱ्याला कळतं की आपली पॉलिसी या कामाला लागूच नव्हती. ट्रॉलीत बसलेल्या मजुरांचंही तसंच, मालाच्या ट्रॉलीत माणसं नेणं पॉलिसीत बसत नाही. हे पासिंगच्या वेळी, मराठीत, एका कागदावर लिहून सही घेऊन सांगायला काय अडचण आहे?

आणि कागदपत्रं. नोंदणीला विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा फॉर्म २२ लागतो. शेडमधून मिळतं ते कच्चं बिल. ते घेऊन सुरगाण्याचा किंवा पेठचा माणूस बिननंबरची ट्रॉली पासिंगला परिवहन कार्यालयापर्यंत कशी आणणार? ती रस्त्यावर आणणं हाच आधी गुन्हा. मोटारसायकल शोरूममधून नंबर घेऊनच बाहेर पडते. ट्रॉलीला तीच शिस्त का नको?

आमच्या मागण्या या आहेत.

परिवहन खात्याने येत्या हंगामाआधी जिल्ह्यातल्या ट्रॉली बनवणाऱ्या प्रत्येक शेडची तपासणी करावी. प्रत्येक नव्या ट्रॉलीच्या पुढच्या चौकटीवर रिकामं वजन, कमाल भरलेलं वजन, टायरचं माप, हवेचा दाब आणि बनवणाऱ्याचं नाव ठोकून लिहिलेली पाटी असल्याशिवाय पासिंग करू नये. फॉर्म २१ आणि २२ न देणाऱ्या विक्रेत्यावर कलम १८२-अ वापरावं.

जुन्या ट्रॉल्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी पासिंगची शिबिरं घ्यावीत आणि त्या दिवशी शिबिराला येणाऱ्या रिकाम्या ट्रॉलीला रस्त्यात दंड करू नये. शिबिरात टोचनची पिन, साखळी, एक्सल, हबचं बेअरिंग, दिवे आणि रेडियम पाहून कागदावर दोष लिहून द्यावेत, दुरुस्तीला महिनाभर मुदत द्यावी. हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तपासायची पद्धत सोपी आहे. दहा-बारा किलोमीटर चालवून आणलेल्या ट्रॉलीच्या हबला हात लावावा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग कोरडं आहे किंवा जादा आवळलेलं आहे.

भरलेल्या तीन टनांच्या वरच्या प्रत्येक नव्या ट्रॉलीला ब्रेक सक्तीचा करावा. जुन्यांना तो बसवायला दोन हंगामांची मुदत द्यावी आणि त्या खर्चाला अवजारांच्या अनुदानात जागा मिळावी म्हणून परिवहन खात्याने कृषी खात्याकडे लेखी प्रस्ताव पाठवावा.

बाजार समित्यांनी आणि कारखान्यांनी काटापट्टीवर ट्रॉलीच्या नंबराशेजारी तिचं मंजूर वजन छापावं. वजन ओलांडलं तर पहिल्या दोन वेळा लेखी सूचना, तिसऱ्यांदा त्या ट्रॉलीला आवारात प्रवेश नाही. कारखान्यांनी दुहेरी ट्रॉलीचा करार करताना मागच्या ट्रॉलीला ब्रेक आणि उसाबाहेर दिसेल असा दिवा ही अट घालावी, आणि जादा वजनाच्या दंडाचा वाटा स्वतः उचलावा.

कारखानदारांना विनंती आहे की ब्रेक, दोन साखळ्या, लॉकची पिन आणि सात पिनची वायरिंग ही 'जादा पैसे दिले तर' मिळणारी वस्तू ठेवू नका, ट्रॉलीच्या किमतीतच धरा. चार पैसे जास्त लागतील. ते का लागतात हे आम्ही गावात सांगू.

या पत्राचं उत्तर आम्हाला लेखी हवं आहे आणि ते बाजार समित्यांच्या फलकावर लागावं. कोणत्या मागणीवर कोण, कधीपर्यंत काय करणार, एवढंच त्यात असलं तरी पुरे. शिबिरांच्या तारखा कळवल्यात तर ट्रॉल्या घेऊन यायची जबाबदारी आमची.

आपले,
निफाड, चांदवड, दिंडोरी, कळवण आणि पेठ तालुक्यांतले ट्रॅक्टरमालक, चालक व ट्रॉली दुरुस्ती कारागीर